स्कोपवरची हळद

अश्लेषाने शिकारीचे बूट आणले त्या दिवशी ती ते घालून दोन तास बाथटबमध्ये उभी राहिली. टबात घोट्याच्या वर पाणी, पाण्यात बूट, बुटांत ती, आणि हातात निवडायला घेतलेली मेथी. मी दारातून विचारलं, "हे काय चाललंय?" ती म्हणाली, "खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय. बघतेय." दोन तासांनी तिने बूट काढले, आत घातलेले टिश्यू पेपर बाहेर काढून चाचपले आणि उजव्या बुटाच्या शिवणीतून पाणी येतं म्हणून जोडी परत पाठवली. दुसरी जोडी आली, तीही टबात गेली.

माझे बूट इटलीचे होते. इंटरनेटवर एकशे बारा जणांनी त्यांना पाचपैकी पाच तारे दिले होते. मी ते टबात घातले नाहीत, कारण पाणी आत आलं तर काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं.

हे मी बायकोचं कौतुक म्हणून सांगतोय असा कुणी समज करून घेऊ नये. त्या सबंध वर्षात मला तिचा हेवा वाटत होता. साधासुधा नाही, चांगला पोटात दुखण्याइतका. नवऱ्याने बायकोवर जळू नये असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, पण कबूल करायचीही पद्धत नाही. मी कबूल करतो.

अश्लेषाचे वडील साताऱ्याला वजनमापं खात्यात होते. बाजारात फिरून दुकानदारांचे काटे तपासायचे. शेरभर डाळ घरी आली तरी आधी ती त्यांच्या काट्यावर चढायची, मग डब्यात जायची. ही सवय लेकीने हुंड्यासारखी बरोबर आणली. इकडे परदेशात, वॉटरफोर्डला एका कारखान्यात डोळ्यांत घालायच्या लेन्स तयार होतात, तिथे ती तपासणी विभागात आहे. लाखो लेन्समधली वाईट एक शोधायची, हे तिचं काम. घरीही तेच. नवा कुकर आला की आधी नुसत्या पाण्याच्या शिट्ट्या, थर्मामीटर आला की आधी माझ्या तोंडात, मग तिच्या, मग सानिकाच्या. सानिका आमची मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इथल्या हेल काढलेल्या इंग्रजीत.

मी सॉफ्टवेअरवाला. ठाण्याचा. वस्तू घेण्याआधी मी तीन आठवडे वाचतो, तक्ता करतो, लोकांची मतं घेतो आणि सगळ्यात जास्त तारे असलेली वस्तू घेतो. मग ती वापरत नाही, जपतो.

शिकारीचं खूळ माझं होतं, हे आधीच नोंदवून ठेवतो. २०२०च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, घरापासून पाच किलोमीटरपर्यंत फिरायची मुभा मिळाली. आम्ही वॉटरफोर्डच्या बाहेर, कॉमेरा डोंगराच्या पायथ्याशी एका खेड्यात राहतो. आठ वर्षं राहतोय, पण तिथल्या लोकांच्या लेखी मी 'तो लॅपटॉपवाला', एवढंच. एका संध्याकाळी तीन किलोमीटरवरच्या डोनल पॉवरच्या कुंपणापाशी उभा होतो. डोनल साठीचा शेतकरी, मेंढ्या पाळतो, ब्याऐंशी वर्षांच्या आईबरोबर राहतो. त्याने ट्रॅक्टर थांबवला. आठ वर्षांत पहिल्यांदा थांबवला. वरच्या उतारावर त्याने नवी झाडं लावली होती, तिकडे बोट करून म्हणाला, "हरणं सगळ्या साली सोलून खातायत. तुझ्या ओळखीत कुणी रायफलवाला आहे का रे?"

"मीच शिकतोय," मी म्हणालो. तोपर्यंत मी जत्रेतले फुगेसुद्धा फोडले नव्हते. पण बोलून बसलो. त्या डोंगरावर जायचा हक्क असलेला माणूस, अशी ओळख गावात व्हावी, असं मला त्या क्षणी इतकं वाटलं की घरी येताना मी जवळजवळ पळतच आलो.

इथे हरणाची शिकार कायदेशीर आहे, पण वाट लांबची. कोर्स करा, नेमबाजीची परीक्षा द्या, पोलिसांकडून रायफलचा परवाना घ्या. आणि मग ज्याच्या जमिनीवर जायचं त्या मालकाचा सही केलेला कागद दाखवून हरणांचं लायसन्स मागा. कोर्सला एकट्याने जायचा कंटाळा म्हणून मी अश्लेषाचंही नाव घातलं. "बरं," ती म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उन्हाळाभर आमच्या घरात सामानाची निवड चालली. मी रात्री जर्मन दुर्बिणींबद्दल वाचायचो. अश्लेषाने चार दुर्बिणी गोळा केल्या. एक माझी जर्मन, दोन मागून आणलेल्या आणि एक किलकेनीच्या, जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरची जुनी, विकायला काढलेली. चौघींच्या नावांवर तिने काळी चिकटपट्टी लावली आणि नंबर टाकले. मग अंधार पडायच्या वेळी वरच्या खिडकीतून पलीकडच्या रस्त्यावरच्या गाडीची नंबरप्लेट कुठल्या दुर्बिणीतून किती वाजेपर्यंत वाचता येते, ते सानिकाकडून वहीत लिहून घेतलं. आठवडाभर रोज. निकाल लागला तेव्हा पट्ट्या काढल्या. म्हाताऱ्या डॉक्टरची पहिली आली. माझी जर्मन तिसरी. "तिसरी म्हणजे वाईट नाही," अश्लेषा म्हणाली. तिचं हे समजूत घालणं मला निकालापेक्षा जास्त झोंबलं.

जॅकेटचंही तसंच. हरणाला आवाज चालत नाही. तिने सानिकाला पॅसेजच्या टोकाला डोळे मिटून बसवलं आणि आम्हाला एकेक करून तिच्याकडे चालायला लावलं. आवाज आला की हात वर करायचा. माझं शिकारीसाठीच बनवलेलं, झाडापानांचं चित्र असलेलं जॅकेट घालून मी निघालो आणि दुसऱ्या पावलाला हात वर.

"बाबा, यू साउंड लाइक अ बॅग ऑफ क्रिस्प्स." म्हणजे वेफर्सची कुरकुरती पिशवी.

अश्लेषा जुना लोकरी स्वेटर घालून आली. सानिकाच्या खांद्याला हात लावला तेव्हा पोरगी दचकून ओरडली. दोघी हसत सुटल्या. मीही हसलो. हसावं लागलं.

रायफल दोघांत एकच घ्यायची ठरलं, परवाने दोन. दुकानात मी मालकाला पल्ला, वेग, गोळीचं वजन सगळं पाठ म्हणून दाखवलं. अश्लेषाने विचारलं, "मी डोळे मिटून खांद्याला लावली तर चालेल?" रिकामी रायफल डोळे मिटून खांद्याला लावायची, डोळे उघडायचे आणि स्कोपमधून, म्हणजे वरच्या नेम धरायच्या दुर्बिणीतून, समोरचं सरळ दिसतं का बघायचं. सात रायफली, प्रत्येकी दहा वेळा. सहाव्या रायफलीपर्यंत मालक माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि तिच्याशी बोलत होता. तिने निवडलेलीच आम्ही घेतली. मीही म्हणालो की मलाही हीच आवडली होती.

सप्टेंबरमध्ये परीक्षा झाली. दोघेही पास. माझी भोकं कागदावर जरा ऐसपैस होती. तिची तीन भोकं आमटीच्या वाटीखाली झाकली गेली असती. शिकवणाऱ्याने तिच्या कागदाचा फोटो काढला. माझ्या कागदाचा मीच काढला.

पण ती चांगली नेम धरते याचं दुःख मी गिळलं असतं. खरी आग पुढेच होती. तिला त्याचं काहीच वाटत नाही असं दिसायचं. मी रात्र रात्र जागून वाचायचो, पाठ करायचो, स्वप्नातसुद्धा घोडा ओढायचो, आणि ही बाई कोथिंबीर निवडावी तशा शांतपणे यायची, बसायची, मारायची आणि घरी जाऊन कणीक मळायची. ज्याला एखादी गोष्ट जिवापाड हवी असते त्याला ती मिळू नये, आणि जिला तिचं सोयरसुतक नाही तिच्या पदरात ती आपसूक पडावी, हा कुठला न्याय?

डोनलची अट ऐकून तर माझी झोपच उडाली. "एकालाच कागद देणार," तो म्हणाला. "माझी आई केव्हाही काटक्या गोळा करायला वर जाते. मेंढ्या आहेत. डोंगरावर एकच बंदूक हवी, आणि ती कुठे आहे ते मला माहीत हवं." शंभर मीटरवर, मातीच्या उंच बांधासमोर त्याने जेवणाच्या ताटाएवढी लोखंडी थाळी टांगली. बसून तीन गोळ्या मारायच्या. जो बरा मारेल त्याचं नाव कागदावर.

अठरा ऑक्टोबरच्या रविवारी मी बसलो. पहिली गोळी ठण्ण. दुसरी ठण्ण. तिसरी मातीत गेली. डोनल "ग्रँड" म्हणाला. त्या एका शब्दात इथली माणसं लग्नापासून मयतापर्यंत सगळं उरकतात, त्यामुळे त्यातून काही कळलं नाही. अश्लेषा बसणार एवढ्यात डोंगरावरून धुकं उतरलं आणि थाळी दिसेनाशी झाली. तिची पाळी पुढच्या रविवारवर गेली. मधल्या आठवड्यात देश पुन्हा बंद झाला, पाच किलोमीटरची रेघ पुन्हा आली. डोनलचा माळ रेघेच्या आत होता. मी मनातल्या मनात त्या रेघेला दोन किलोमीटर आत यायची विनंती केली होती, ती कुणी ऐकली नाही.

रविवारी दसरा. आदल्या दिवशी शनिवारी मी खंडेनवमी करायला घेतली, आणि इथे माझ्या हातून ती गोष्ट झाली.

आमच्या घराण्यात शस्त्र कधी नव्हतं. वडील कारकून, ते खंडेनवमीला टाइपरायटर पूजायचे. नुसता नाही, रिबनची चकती काढून वेगळी ठेवायचे, झाकण वेगळं, कारण प्रत्येक भागाला त्याची त्याची हळदकुंकवाची बोटं मिळाली पाहिजेत. मी इथे दर वर्षी लॅपटॉप आणि माऊस पूजत आलो. यंदा चार पिढ्यांत पहिल्यांदा घरात खरं शस्त्र होतं. अश्लेषा बारा तासांच्या ड्यूटीवर होती. मी चौरंगावर लाल खण अंथरला, कपाटातून रायफल काढली, आणि वडिलांच्या रीतीप्रमाणे प्रत्येक वस्तू वेगळी मांडली. सुरी. दुर्बीण. रायफल. आणि रायफलीवरचा स्कोप, स्क्रू सोडवून, वेगळा.

हळद, कुंकू, अक्षता, दारातल्या कुंडीतली पिवळी शेवंती. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ठाण्यापासून नागपूरपर्यंत टाळ्या पडल्या. मोरेश्वरकाकांनी लिहिलं, 'प्रताप, नाव सार्थ केलंस.' अर्धा तास मी इतका खुशीत होतो की वर्षभराचा सगळा जळफळाट विसरलो.

मग सगळं पुसून, स्कोप परत बसवताना माझा हात थांबला. स्कोप एकदा जागचा हलला की नेम गेला. पुन्हा कागदावर गोळ्या मारून तो जुळवावा लागतो. हे कोर्सच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ते हिरव्या शाईने लिहूनही घेतलं होतं. वर स्कोप धरणाऱ्या दोन कड्यांपैकी पुढची कुठली आणि मागची कुठली तेही आता आठवेना. अंदाजाने बसवल्या, स्क्रू पिळले, रायफल कपाटात ठेवली. अश्लेषा आली की सांगायचं ठरवलं. देवाशपथ ठरवलं होतं. सकाळी आधी नेम जुळवायचा, मग थाळी. डोनल नाही म्हणाला नसता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "तुझ्या बायकोला सांग, आई उद्या खिडकीत बसणार आहे तिला बघायला. सकाळपासून केसांना पिना लावून बसलीय. परीक्षा घेणारा माणूस माझ्या मामेभावाचा दोस्त, त्याने सांगितलं म्हणे की असा नेम त्याने दहा वर्षांत पाहिला नाही."

मी मारलं तेव्हा माझ्याकडे बघायला डोनलचा कुत्रा होता. तोही मधेच उठून गेला होता.

मी फोन ठेवला. अश्लेषा साडेआठला आली, दमलेली, वरणभात खाऊन झोपली. मी मूग गिळून गप्प बसलो.

सकाळी डोनलच्या फाटकाशी गाडी थांबवली. अश्लेषाने रायफल हातात घेतली आणि मला विचारलं, "कपाटात ठेवलेली तशीच आहे ना रे? मधे कुणी काही केलं नाहीये ना?"

"हो," मी म्हणालो. "तशीच आहे."

ती माळावर बसली. गुडघ्यांवर कोपरं टेकवली. खिडकीत पांढरं डोकं दिसत होतं. डोनल माझ्या शेजारी दोन मीटर अंतर राखून उभा होता. गोळी सुटली. ठण्ण झालं नाही. बांधावर डाव्या बाजूला, थाळीपासून हातभर लांब, मातीचा फवारा उडाला.

माझ्या छातीत जे झालं त्याला मी आनंदच म्हणेन. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

अश्लेषाने दुसरी गोळी भरली नाही. तिने रायफल रिकामी केली, राहिलेल्या दोन गोळ्या खिशात टाकल्या आणि उभी राहिली.

"अजून दोन आहेत तुझ्या," डोनल म्हणाला. "एखादी चुकते."

"चुकली नाही. मी सोडली तेव्हा थाळीच्या मधोमध होते. ती भलतीकडे गेली. कुठे जातेय ते माहीत नसताना मी मारणार नाही." मग तिने रायफल तोंडासमोर धरली, कड्यांवरून अंगठा फिरवला, एका स्क्रूच्या खाचेत नख घातलं आणि नखाकडे पाहिलं. मला दहा पावलांवरून दिसलं. पिवळं होतं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता ही सांगणार, असं मला वाटलं.

"माझी चूक," ती डोनलला म्हणाली. "आधी तपासून घ्यायला हवी होती."

डोनलने टोपी मागे सारली. मग ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पशुखाद्याच्या दुकानाचं पॅड ठेवून त्याने कागद लिहिला. ठरल्याप्रमाणे, तीनपैकी दोन मारणाऱ्याच्या नावाने. मी तो घडी करून खिशात ठेवला. खिडकीतलं पांढरं डोकं आत गेलं होतं.

घरी येऊन तिने श्रीखंड-पुरी केली. दसरा होता. सानिकाने विचारलं, "सो, हू वॉन?" अश्लेषा म्हणाली, "बाबा." जेवणं झाली, सानिका वर गेली, तेव्हा ती ताटं घासता घासता म्हणाली, "स्कोप काढला होतास."

"पूजेसाठी. अण्णा रिबन काढायचे ना, तसा. लक्षातच नाही आलं गं."

"पूजेचं नाही विचारत मी. गेटपाशी मी विचारलं तेव्हा लक्षात आलेलं होतं ना?"

मग माझा तोल गेला. चूक माझी असली की माझा आवाज आपोआप चढतो. "तुला काय फरक पडतो? तुला सगळं सहज येतं! तुझे फोटो काढतात, तुला बघायला म्हाताऱ्या पिना लावून बसतात! मी सहा महिने मरमर करतोय आणि तू काय, टाइमपास म्हणून येतेस. तुला त्या कागदाचं काय करायचंय?"

तिने नळ बंद केला. "मला तो हवा होता, प्रताप."

मी ओट्यावरचं ताट उचलून पुसायला घेतलं.

"प्लांटमध्ये मी दुसऱ्यांनी बनवलेलं तपासते. घरी तू आणलेलं तपासते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू ओके करत बसलेय. ही पहिली गोष्ट होती जी फक्त माझी होती. सहज येतं म्हणे! सकाळच्या शिफ्टला जायच्या आधी रोज अर्धा तास गॅरेजमध्ये बसायचे मी, रिकामी रायफल घेऊन, जूनपासून, आधी कोर्सच्या लाकडी दांड्यावर, मग खऱ्या रायफलीवर. गुडघ्याची सालं गेली. तू झोपलेला असायचास. तुला कधी दिसलंच नाही."

"मग डोनलसमोर बोलली का नाहीस?"

"परक्या माणसासमोर तुला खोटं पाडू?" ती म्हणाली. "आणि मी खोटं नाही बोलले त्याला. तपासायला हवीच होती. तुझ्या शब्दावर घेतली, ती चूक माझीच."

तिने हात पुसले आणि वर निघून गेली. आरडाओरडा केला असता, भांडं फेकलं असतं तर मी भांडलो असतो. या वाक्याशी भांडता येत नव्हतं.

त्या दिवसापासून ती मला काही विचारेनाशी झाली. म्हणजे बोलायची नेहमीसारखं, पण गॅस बंद केलास का, दार लावलंस का, हे विचारायचं बंद झालं. स्वतः उठून बघायची. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस ऑक्टोबर, तिन्ही दिवस तेच. बुधवारी रात्री तिने मी लावलेली कडी दुसऱ्यांदा लावलेली मी पाहिली, आणि गुरुवारी दुपारी मीटिंग सोडून मी चालत डोनलकडे गेलो.

तो मेंढ्यांच्या खुरांना औषध लावत होता. मी कुंपणाच्या अलीकडून सगळं सांगितलं. पूजा म्हणजे काय तेही सांगावं लागलं. टाइपरायटरचं सांगितलं. फोन आल्यावर का गप्प बसलो तेही सांगितलं. त्याने मधे एकदाही मान वर केली नाही.

"काहीतरी आहे हे मला कळलं होतं," तो शेवटी म्हणाला. "गोळी चुकलेला माणूस थाळीकडे बघतो. ती तुझ्याकडे बघत होती." त्याने हात पुसून पुढे केला. मी कागद दिला. त्याने तो न वाचता खिशात टाकला. "तिला सांग रविवारी ये. आधी कागदावर हव्या तेवढ्या मारून बंदूक सरळ करू दे. मग तीन."

"आणि मी?"

"तुझ्या दोन लागल्या होत्या, ते खरंच आहे," डोनल म्हणाला. "पण मेंढ्या माझ्या आहेत." तो पुढच्या मेंढीकडे वळला.

अश्लेषाला मी सांगितलं तेव्हा ती सानिकाच्या शाळेच्या स्वेटरची बटणं लावत होती. तिने फक्त "बरं" म्हटलं. पण दोरा दोनदा सुईतून निसटला. पूर्वी मी म्हटलं असतं, बघा, हिला काही वाटतच नाही.

एक नोव्हेंबरच्या रविवारी तिने तीन मारल्या. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. डोनलची आई खिडकी उघडून टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, आणि वाजवताना आतून पुन्हा तीच जुनी कळ उठली. जित्याची खोड. कबुली दिली की माणूस धुऊन निघतो असं ऐकलं होतं, माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. नवा कागद लिहिताना डोनलने तिच्या नावाखाली रेघ मारली, ती रेघसुद्धा मला खुपली.

लायसन्स नाताळच्या आधी आलं. माद्यांचा हंगाम फेब्रुवारीअखेरपर्यंत होता. जानेवारीत, सगळा देश पुन्हा घरात कोंडलेला असताना, एका शनिवारी सकाळी मी तिला फाटकाशी सोडलं. कागदावर नाव तिचं एकटीचंच, तेव्हा मी गाडीत बसून राहिलो. दव गोठलेलं होतं. ती लोकरी स्वेटरमध्ये उतार चढत गेली आणि झाडांत दिसेनाशी झाली. ना पान वाजलं, ना काटकी. मी थर्मासमधला चहा प्यायलो, फोनवर काहीबाही वाचलं, काच पुसली. अर्धा तास गेला. तास गेला.

मग गोळीचा आवाज झाला.

शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, एक आवाज म्हणजे काम झालं, लागोपाठ दोन म्हणजे गडबड. मी काच खाली केली आणि कान लावून बसलो. आणि मला वाटलं, दुसरा यावा. एकदाच, एवढ्या वेळी तरी हिचं चुकावं. जखमी जनावर झुडपांत पडलं असतं, तिला ते दिवसभर शोधत फिरावं लागलं असतं, हे सगळं ठाऊक असून मला तसं वाटलं. दुसरा आवाज आला नाही.

फोन वाजला.

"पडली," ती म्हणाली. "जागच्या जागी. बरोबर लागली." आणि पुढे तिला बोलता येईना. नुसता श्वास ऐकू येत होता. अश्लेषाचा आवाज थरथरलेला मी सोळा वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता, सानिकाच्या वेळी प्रसूतिगृहातही नाही. "ठिपके आहेत रे तिच्यावर. डोळे उघडे आहेत. मी सगळं तपासलं होतं, प्रताप. हे नव्हतं तपासता येत. तू ये ना. मला एकटीला हात लाववत नाहीये."

मी गाडीचं दार तसंच उघडं टाकून निघालो. डोनलचं फाटक ओलांडलं, नियमबियम विसरून धावत सुटलो. गोठलेल्या गवतावर दोनदा घसरलो, दम लागला, पण थांबलो नाही. ती वरच्या झाडांपाशी गुडघ्यांवर बसलेली दिसेपर्यंत मला वीस मिनिटं लागली असतील. तेवढी वीस मिनिटं मला तिचा हेवा वाटला नाही.